कशाचीच नसलेली खूण

अयूबच्या डोळ्यांत काहीच दोष नव्हता. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, हाताची बोटं ओळखायला लावली, समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. कॅलेंडर त्याला दिसलं. त्यावरचं धरणाचं चित्र दिसलं, खिळ्याला गुंडाळलेला दोरा दिसला. चित्राखाली काळ्या मुंग्या रांगेनं बसल्यासारखं काहीतरी होतं. ती अक्षरं आहेत हे त्याला कळत होतं. कोणती, ते कळत नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, “दिसतं ना?” तो म्हणाला, “दिसते.”

ऑगस्टात त्याला झटका आला होता. मेंदूत रक्ताची बारीक गुठळी. हातपाय शाबूत राहिले, बोलणं राहिलं, माणसांची तोंडं ओळखू येत होती. भेटायला येणारे म्हणाले, थोडक्यात निभावलं. वाचन तेवढं गेलं होतं, आणि ते त्यानं कोणाला सांगितलं नाही.

अयूब कतबे कोरायचा. कतबा म्हणजे कबरीच्या डोक्याशी उभा करतात तो नावाचा दगड. जटपुरा गेटच्या आतल्या गल्लीत त्याचं घर होतं आणि घराला लागून पत्र्याचं कारखानावजा छप्पर. त्याच्या बापानंही हेच केलं. काळी कडप्पा फरशी घ्यायची, तिच्यावर गेरूनं नाव लिहायचं, मग छिन्नी लावायची. दुसरे कारागीर कागदावर लिहून घेतात, कागद फरशीवर डकवतात आणि त्यावरून कोरतात. अयूबला कागद लागत नसे. कुंचला टेकला की हात आपोआप चालायचा. आता याचाच त्याला आधार वाटत होता, कारण झटक्यानं लिहिणं नेलं नव्हतं. ‘ताबिश’ म्हटलं की हात ताबिश लिहायचा. कुंचला उचलून फरशीकडे पाहिलं की तिथं मुंग्या.

ताबिश त्याचा मुलगा. मोबाइल टॉवर दुरुस्तीच्या कामावर भामरागडच्या बाजूला होता. जूनमध्ये तापानं पडला. गडचिरोलीला आणेपर्यंत मलेरिया डोक्यात चढला होता. त्याला चंद्रपूरला आणून पुरलं आणि तिसऱ्याच दिवशी पाऊस लागला. पावसाळाभर कबरीवर दगड उभा करत नाहीत. माती खचते, दगड कलंडतो. माती बसेपर्यंत थांबायचं, दिवाळीच्या आगेमागे कतबा लावायचा. त्यामुळे अयूबच्या हातात पावसाळा होता. मुलाचं नाव आपण कोरायचं, कबरीवर उभं करायचं आणि एकदा आपल्या डोळ्यांनी वाचायचं, एवढं त्यानं मनाशी धरलं होतं. मध्येच झटका आला. तरी त्यानं नाव कोरलं. वाचण्याचं तेवढं राहिलं.

त्याच दिवसांत नागभीडहून नदीम नावाचा तरुण आला होता. त्याचा बाप अजमत आरागिरणीवर होता, वारला. नदीमनं बापाचं नाव सांगितलं, अयूबनं ते ऐकून लिहिलं. त्याच मापाची फरशी, तीच किनार, तीच मांडणी. वर बिस्मिल्ला, खाली मोठ्या अक्षरांत नाव.

अयूबच्या बापापासूनची एक रीत होती. तयार झालेला कतबा लिहिलेली बाजू भिंतीकडे करून ठेवायचा. नावावर धूळ उडू नये, कोणाचा पाय लागू नये, गिऱ्हाइकानं दुसऱ्याच्या मेलेल्याचं नाव उगाच वाचू नये. दोन्ही फरश्या अशा भिंतीला तोंड करून उभ्या होत्या. डावीकडची ताबिशची, हे अयूबनं डोक्यात पक्कं बसवलं होतं.

नदीम टेम्पो घेऊन आला त्या सकाळी मंगरूनं छप्पर झाडून काढलं होतं. मंगरू धानोऱ्याकडचा गोंड, वयानं अयूबएवढाच, फरश्यांना पॉलिश करायचा. झाडताना त्यानं फरश्या पुढे ओढल्या, भिंतीखालचा चुरा काढला आणि परत लावल्या.

“भाऊ, नागभीडचा कोन्ता?” मंगरूनं विचारलं.

अयूबनं एक फरशी वळवली. पाहिली. दुसरी वळवली. दोन्हीवर त्याच्याच हाताचं काम होतं, स्वच्छ, एकसारखं, आणि दोन्हीतलं एक अक्षरही त्याच्याशी बोलत नव्हतं. मंगरूला उर्दू येत नव्हती. नदीम मराठी शाळेत शिकलेला. घरात सलीमा होती, त्याची बायको. तिला अडखळत का होईना वाचता यायचं. हाक मारली असती तर ओढणीला हात पुसत बाहेर आली असती. पण मग विचारलं असतं, तुम्ही काऊन नाई वाचत?

“इकडची तिकडं तर नाई केली तू?” त्यानं मंगरूला विचारलं.

“होत्या तशाच लावल्या ना.”

“हा न्या,” अयूब म्हणाला आणि उजवीकडच्या फरशीवर हात ठेवला.

त्याच आठवड्यात त्यानं उरलेली फरशी ताबिशच्या डोक्याशी मातीत गाडली, दोन्ही बाजूंनी दगड ठोकले. दर शुक्रवारी नमाजनंतर तो तिथं जाऊन बसू लागला. कबरस्तानात बायका जात नाहीत. सलीमा घरीच राहायची आणि तो परत आला की विचारायची, “चांगला दिसते?” तो म्हणायचा, “चांगला दिसते.” शब-ए-बारातला, मेलेल्यांसाठी दुआ मागायच्या सणाला, सगळा मोहल्ला कबरस्तानात येतो, तोवर तिकडे कोणी फिरकत नाही.

*

त्याचं वाचन गेलंय हे सलीमाला कळलं एका लग्नाच्या पत्रिकेमुळे. तिनं पत्रिका त्याच्या हातात देऊन विचारलं, निकाह कोणत्या दिवशी आहे. तो म्हणाला, “चष्मा सापडून नाई राह्यला.”

“नाकावर आहे तो कोनाचा?”

त्यानं पत्रिका उलटीसुलटी केली. सलीमानं ती हळूच काढून घेतली, सरळ करून परत दिली आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग खाली बसली. रडली नाही. त्या वर्षात तिचं रडून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या मोठ्या बहिणीला बोलावलं. नाहीद आपा उर्दू शाळेतून निवृत्त झालेली, काटक, कडक बोलणारी. तिनं अयूबला समोर बसवलं. कागदावर अलिफ काढला. एक उभी रेघ.

“हे काय?”

“रेघ.”

मग तिनं बैलाचं डोकं काढलं, दोन शिंगांचं.

“अन हे?”

“बैल. आपा, मी लहान पोरगा नाई.”

“लहान पोराले लवकर येते. ऐक आता.” अक्षरांच्या इतिहासावरचं एक जाड पुस्तक तिच्याजवळ होतं, शाळेत असताना मागवलेलं. ती सांगू लागली. हजारो वर्षांपूर्वी सिनाईच्या वाळवंटाकडच्या लोकांनी अक्षरं केली ती चित्रांतून. बैलाचं डोकं काढायचे आणि त्याच्या नावातला पहिला आवाज घ्यायचे. तो अलिफ. डोकं फिरत फिरत आडवं झालं, शिंगं झिजली, एक रेघ उरली. ‘बे’ म्हणजे घर. ‘मीम’ म्हणजे पाणी. ‘ऐन’ म्हणजे डोळा. ‘शीन’ म्हणजे दात. अरबी, उर्दू, यहुद्यांची लिपी, सगळ्यांचं मूळ तेच.

“तुले अक्षर दिसत नाई, वस्तू दिसते. तर अक्षराच्या आत वस्तू पाहा. अलिफ दिसला का बैल आठव.”

तिनं सलीमाकडून ताटात तांदूळ मागवले, त्यांत बोटानं अक्षर काढलं आणि अयूबचं बोट त्यावरून फिरवलं. डोळ्याला न कळणारं अक्षर बोटाला कळायचं. हात ज्या वाटेनं गेला ती वाट हात विसरला नव्हता. बोट फिरवायचं, वस्तू आठवायची, मग नुसतं पाहून ओळखायचा प्रयत्न करायचा. आधी ऐन जमला. त्याचा उघडा वळसा डोळ्याच्या कडेसारखा. मग शीनचे दात. जानेवारी लागेपर्यंत तो उर्दू पेपरच्या मोठ्या मथळ्यातले बैल आणि डोळे शोधू लागला. आपा पेपर काढून घ्यायची. “शिकार करू नको. वाच.”

एके दिवशी तो म्हणाला, “आपा, ताबिश.”

आपानं त्याच्याकडे पाहिलं आणि तांदळात नाव काढलं. त्यानं बोट फिरवलं.

“हा बैल. हे घर. हे दात. पहिलं काय आहे?”

“‘ते’, म्हंजे त,” आपा म्हणाली.

“त्याच्यात काय आहे?”

“त्याच्यात वस्तू नाई. जुन्या लिपीतलं ते शेवटचं अक्षर. दोन आडव्या-उभ्या काड्या, फुली. त्याचा अर्थ खूण.”

“कशाची?”

“कशाचीच नाई. नुसती खूण. ज्याले लिहिता येत नसे तो सहीच्या जागी हेच काढे. जनावराच्या अंगावर डाग देताना हेच.”

“जंगलतोडीच्या कूपात तोडायच्या झाडावर मारतात तशी?”

“तशीच समज.”

अयूब ताटाकडे पाहत बसला. “मंग मी आठवू काय?”

आपानं हातानं ताटातले तांदूळ सारखे केले. बाकीची अक्षरं त्याला हळूहळू येत गेली. ‘ते’ येईना. बोट लावलं की कळायचं, बोट उचललं की गेलं. मंगरू दारात विडी ओढत हे ऐकत होता. आपा गेल्यावर म्हणाला, “आमच्याकडं मेलेल्याच्या नावानं गोटा उभा करते. त्याच्यावर काईच लिहित नाई.”

“मंग कळते कसं, कोनाचा आहे?”

“सगळ्याले माहीत राह्यते.”

“अन माहीत असनारे मेले म्हंजे?”

मंगरूनं विडीची राख झटकली. “मंग गोटाच राह्यते.”

“लई उपयोग झाला तुझा,” अयूब म्हणाला. झटक्यानंतर मंगरूनं त्याला हसताना पाहिलं ते तेव्हाच.

*

जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी तो कबरीशी बसला. ऊन तिरपं पडलं होतं, कोरीव अक्षरांच्या खाचांत सावली भरली होती. त्याला वाटलं, आज पाहावं. वरची बिस्मिल्ला सोडून त्यानं नावाची ओळ धरली. बैल शोधायचा, घर शोधायचं, दात शोधायचे. पहिलं अक्षर येणार नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून ते सोडूनच द्यायचं ठरवलं होतं.

पण पहिलंच अक्षर त्याला आलं. तो डोळा होता.

त्यानं नजर काढली, गेटकडे पाहिलं, परत पाहिलं. डोळाच. मग त्यानं बोट लावलं. बोट वळशावरून आत गेलं आणि बाहेर आलं. हा ऐन त्यानंच कोरला होता, बोटाला शंका नव्हती. ताबिशच्या नावात ऐन नाही. पुढे बोट फिरवलं. ओळीत कुठे बैल नव्हता, घर नव्हतं, दात नव्हते.

नोव्हेंबरपासून तो अजमत आरागिरणीवाल्याच्या नावाशी बसत होता.

घरी त्यानं सलीमाला सांगितलं. या वेळी लपवलं नाही. ती शेगडीशी होती, तिनं गॅस बंद केला. “मंग त्याचं नाव कुठी आहे?” तिनं विचारलं.

“नागभीडले.”

“मले हाक माराची होती ना,” ती म्हणाली. “एक हाक.”

मंगरूला घेऊन तो सकाळच्या गाडीनं नागभीडला गेला. नदीमला वाटलं, उस्ताद काम पाहायला आले. त्यानं चहा केला, घरात नेलं. भिंतीवर कतब्याचा फोटो काचेत लावलेला होता. त्या घरात उर्दू वाचणारं कोणी नव्हतं. “अम्मीले तिथी जाता येत नाई ना, म्हनून मोठा करून आनला,” तो म्हणाला. आत पडद्यामागे त्याची आई होती. अयूबला पाणी देताना ती म्हणाली, “भाऊ, तुमच्या हातात बरकत आहे. मी रोज त्याले हात लावते.”

अयूबनं पाणी तसंच खाली ठेवलं.

कबरस्तानात नदीमनं मन लावून काम केलं होतं. कबरीभोवती पांढऱ्या टाइल्स, कतबा सिमेंटमध्ये पक्का बसवलेला. अयूब वाकला. नावाच्या ओळीवर त्यानं बोट ठेवलं. ‘ते’. बैल. घर. दात. दोनदा फिरवलं. जे वाचायला तो पावसाळाभर जगला होता ते त्यानं वाचलं, दुसऱ्या माणसाच्या उशाशी.

“नदीम,” तो म्हणाला, “हे माझ्या पोराचं नाव आहे.”

त्यानं सगळं सांगितलं. नदीम आधी नुसता ऐकत होता. मग म्हणाला, “चाचा, म्हंजे मी येवढे दिवस कोनाले सलाम करून राह्यलो?”

“माझ्या लेकराले.”

“अन अम्मी?”

अयूबनं दगडावरचं बोट काढून घेतलं.

“तुमाले वाचता येत नव्हतं तर सांगाचं होतं. नाई म्हनाचं होतं. दुसऱ्याकडून केलं असतं आमी.” आवाज चढवून नव्हता बोलत. त्यामुळे ते जास्त लागलं. शेवटी तो गेला आणि कुठूनतरी सब्बल, लोखंडी पहार, घेऊन आला.

मंगरूनं आधी टाइल्स काढल्या. मग छिन्नीनं सिमेंट थोडंथोडं फोडलं. कडप्पा कडक खरी, पण ठिसूळ. ओढताण तिला सोसत नाही. मंगरूला हे माहीत होतं, तो हळूच करत होता. फरशी हलली, एका बाजूनं सुटली. दुसऱ्या बाजूनं सिमेंटनं धरून ठेवली होती. सब्बल थोडीशी खाली दाबली तशी आतून बारीक आवाज आला. फरशी बरोबर नावातून गेली. वरचा तुकडा मंगरूच्या हातात राहिला, खालचा जमिनीत.

नदीमनं सब्बल भिंतीला लावून ठेवली.

अजमतचा कतबा चंद्रपुरात नुसता मातीत गाडलेला होता. तो सहज निघाला. दोन दिवसांत मंगरूनं तो नागभीडला पोचवला. अजमतला त्याचं नाव मिळालं. नदीमच्या आईला काय सांगितलं ते अयूबनं विचारलं नाही. ताबिशच्या कतब्याचे तुकडे मात्र त्यानं आणले होते. छपराखाली जोडून पाहिले. मधला चुरा नागभीडच्या मातीत गेला होता, घराचा बराच भाग आणि दातांचा वरचा काठ.

शब-ए-बारात तोंडावर होती. अयूबनं नवी फरशी घेतली, गेरू कालवला, कुंचला टेकला. हात चालला नाही. आधी हात न विचारता जायचा. आता कुंचला टेकल्याबरोबर फरशीवर बैल उभा राहायचा, घर उभं राहायचं, आणि हात त्यांना वळसा घालून कसं जायचं ते विचारत बसायचा. ‘ते’ला तर हात उचललाच जाईना. वाचणं थोडं परत आलं होतं, त्याच्या बदल्यात लिहिणं गेलं होतं. आपानं कागदावर नाव लिहून दिलं. म्हणाली, यावरून उतरव. त्यानं उतरवलं. रेघेला रेघ जुळली. दुरून पाहिलं तर ते एखाद्यानं चित्र काढावं तसं दिसत होतं. त्यानं फरशी पाण्यानं धुऊन टाकली. परत काढलं, परत धुतलं.

तिसऱ्यांदा धुताना सलीमा बाहेर आली. “राहू द्या,” ती म्हणाली. “मी मशीनवाल्याले सांगते.”

बायपासवरच्या दुकानात ग्रॅनाइटवर मशीननं नाव निघतं. आपानं फोनवरून नाव पाठवलं, नमुना आला तो तिनं पाहिला, बरोबर आहे म्हणाली. शब-ए-बारातच्या दिवशी दुपारी दगड आला. चकचकीत काळा, अक्षरं पांढरी. मंगरूनं तो बसवला, भोवतीची माती दाबली, पाणी मारलं आणि बाजूला झाला.

अयूब समोर बसला. ओळीकडे पाहिलं. मशीनची अक्षरं बारीक होती, एकमेकांत शिरलेली. त्याला त्यांत बैल सापडला नाही. घर सापडलं नाही. दातांसारखं काही दिसल्यासारखं झालं, मग तेही गेलं. त्यानं बोट लावलं. दगड गुळगुळीत होता. मशीननं वरचा पातळ पापुद्रा तेवढा उडवून रंग भरला होता. खाच नव्हती, काठ नव्हता. बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडता सरकलं. त्यानं नखानं पाहिलं. नखही सरकलं.

“मंगरू, ताबिशच आहे ना?”

“मले काय मालूम, भाऊ? आपा हो म्हने.”

गेटातून लोक येऊ लागले होते. फुलांच्या पुड्या, अगरबत्त्या. कोणीतरी त्याला सलाम केला. अयूबनं फातिहा पढली, गुडघ्यावर हात देऊन उठला आणि घरी आला.

सलीमा दारात उभी होती. शेजारी वाटायच्या हलव्याचं ताट तिच्या हातात होतं.

“वाचलं?” तिनं विचारलं.

“नाई.”

“मंग उद्या सकाळी जा,” ती म्हणाली. “उजेडात पाहा.”

“उजेडच होता,” अयूब म्हणाला.